खोली खरी कुणाची?
युक्रेनमधल्या कीवचं आर्सेनाल्ना हे जगातलं सर्वांत खोल मेट्रो स्थानक, असं कुणीतरी म्हटलंय. १९६० सालापासून तो मान त्याचाच होता (१०५.५ मीटर), पण २०२२मध्ये चीनमधल्या छोंगछिंगचं होंगयानत्सुन स्थानक सुरू झालं, ११६ मीटरचं.

तरी मला आर्सेनाल्नाच जास्त आवडतं. ते नीपर नदीकाठच्या उंच टेकडीच्या पोटात आहे. दोन लांबलचक सरकत्या जिन्यांनी खाली उतरायला पाचेक मिनिटं लागतात, आणि तिथून नदीकडे निघालेली गाडी पुढच्याच नीप्रो स्थानकावर चक्क उघड्यावर, पुलाच्या तोंडाशी येते! म्हणजे विक्रमाचं निम्मं श्रेय टेकडीचं. छोंगछिंगही डोंगराळच, तिथेही तोच प्रकार. सपाट शहरांनी या शर्यतीत उतरूच नये.