कळा सुरू झाल्यावर नवऱ्यासोबत घरी थांबणं ही 'थेरं' कशी?

निवडुंग

परवा एका डोहाळजेवणाच्या फोटोंखाली एका ताईंचा सल्ला वाचला: "पहिली कळ आली की तडक दवाखाना गाठ. नवऱ्याच्या गळ्यात पडून घरी कळा काढायची नवी थेरं निघालीत, त्यांच्या नादी लागू नकोस. बायकांचं काम बायकांना करू दे." दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझं पहिलं बाळंतपण २०२२ चं, पुण्यातलं. रात्री साडेअकराला कंबर धरली. तासाभरात कळ ओळखू यायला लागली तसा डॉक्टरांना फोन केला. पाणी गेलं का, रक्त दिसतंय का, बाळ हलतंय का, एवढं त्यांनी विचारलं. पाणी गेलं नव्हतं, बाळ नेहमीसारखं हलत होतं, दिवस भरले होते, बीपी-साखर ठीक, बाळाचं डोकं खाली. "मग घरीच थांब. पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की निघ. मधे यातलं काही बिघडलं तर तेव्हाच्या तेव्हा निघ." दवाखाना घरापासून बारा मिनिटांवर होता.

नवरा दुधाच्या हिशोबाच्या वहीत कळांच्या वेळा लिहीत होता. कळ आली की मी ओट्याला धरून वाकायचे आणि तो तळहातांनी माकडहाडाच्या वर दाबायचा. पहिल्यांदा त्याने भीत भीत दाबलं तर मी ओरडले, "जोरात!" तीन वाजता मऊ भात आणि तूप. चारला बाथरूममध्ये स्टुलावर बसवून कमरेवर कढत पाण्याचे तांबे. पहाटे मी रडून म्हटलं की मला नाही जमणार. त्याने समजावलं वगैरे नाही. "ही गेली. पुढची येईपर्यंत डोळे मिट," एवढंच म्हणाला. आणि खरंच, चार-चार मिनिटांची झोप लागायची मला.

साडेआठला दवाखान्यात पोचलो तेव्हा पिशवीचं तोंड सहा सेंटीमीटर उघडलं होतं. लेबर रूमच्या दारात सिस्टर म्हणाल्या, "नातेवाईकांनी बाहेर थांबा." रात्रभर माझी प्रत्येक कळ ज्याने मोजली तो दारापाशी 'नातेवाईक' झाला. पुढचे पाच तास मी उताणी, हाताला सलाईन, पडद्यापलीकडे कोणीतरी अनोळखी बाई कण्हतेय. वेदना घरीही होत्याच. घाबरले मात्र मी तिथे.

घरी कळा काढणं म्हणजे घरी बाळंत होणं नव्हे. नवऱ्याला बायकोजवळ राहायला मिळतात ते हेच काही तास, आणि तेही थेरं म्हणून काढून घ्यायचे? हे कोणाच्या भल्यासाठी?

जुनी_पणती

ते वाक्य माझं आहे. नाव घेतलं नाहीत त्याबद्दल आभार, पण माझंही ऐका.

माझी तीन बाळंतपणं झाली, पहिलं १९८६ चं, सांगली जिल्ह्यात. आई आणि मोठी काकू दोघी उशाशी होत्या. कळ कुठली खरी आणि कुठली खोटी हे काकू पोटावर हात ठेवून सांगायची. तुमच्या नवऱ्याला वहीत आकडे लिहिता येतात, पण तोंडावरचा रंग उतरलेला ओळखता येतो का? बाई अडली आहे हे कळतं का? आमच्या शेजारचा मुलगा बायकोच्या कळा बघून जिन्यात चक्कर येऊन पडला, आणि त्या पोरीने कळा सोडून त्याची काळजी केली. मी लिहिते ते असलं बघितलंय म्हणून.

आणि मुळात पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तिथे नवरा आला कुठून?

पांझरा_काठ

जुनी_पणती यांचं बरोबर आहे, आणि धागाकर्तीचा मला राग आला आहे. तुमचं नीट झालं म्हणून तुम्ही ते सगळ्यांना सांगत सुटलात.

माझ्या बहिणीनेही असंच ठरवलं होतं. मेहुणा चांगला माणूस, सगळं वाचून बसलेला. पहाटे पाणी गेलं. दिवा मंद होता, बाथरूममध्ये गेलं, रंग कोणी बघितला नाही. "कळा अजून सात मिनिटांवर आहेत, नियम पाचचा आहे," म्हणून दोन तास घरी काढले. दवाखान्यात गेल्यावर कळलं की पाणी हिरवं होतं, बाळाने पोटातच शी केली होती आणि ठोके उतरत होते. सिझर झालं. भाचा नऊ दिवस काचेच्या पेटीत होता. आज तो पाच वर्षांचा आहे, ठणठणीत आहे. पण त्या नऊ दिवसांत आईचे केस पांढरे झाले. मेहुणा आजही त्या रात्रीबद्दल बोलत नाही.

परदेशाचे दाखले देणारे आता येतीलच, म्हणून आधीच सांगतो. इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ठरवून घरी बाळंतपण करू पाहणाऱ्या पहिलटकरणींपैकी शंभरात पंचेचाळीस जणींना मधेच किंवा लगेच नंतर दवाखान्यात हलवावं लागलं. बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण दवाखान्यात हजारी ५.३ आणि घरी ९.३. तेही शिकलेली सुईण सोबत असताना.

निवडुंग

तुमच्या बहिणीचं वाचून पोटात गोळा आला. पण तुम्ही दिलेले आकडे घरी *बाळंत होण्याचे* आहेत, आणि ते मी मागत नाहीये हे पहिल्याच लेखात लिहिलंय. त्याच अभ्यासात दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांच्या बाळांना घरी जास्त धोका आढळला नाही, ते तुम्ही गाळलंत. आणि तुमच्या बहिणीचं चुकलं ते घरी थांबण्यात नाही, पाणी गेल्यावर फोन न करण्यात चुकलं.

पांझरा_काठ

"चुकलं" हा शब्द तुम्ही माझ्या बहिणीला लावू नका.

निवडुंग

शब्द मागे घेते. तसं म्हणायला नको होतं.

लेबररूम_२२वर्षं

मी २२ वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर आहे, आधी सरकारीत, आता खाजगीत. दोन्हीकडचं थोडं थोडं खरं आहे.

पहिलटकरणीला सुरुवातीच्या कळा दहा-बारा तास, कधी त्याहून जास्त चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट केलं की पिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडेपर्यंत हळूच चालतं, आणि तासाला एक सेंटीमीटर हा जुना हिशोब सगळ्यांना लावायचा नाही. आमच्याकडे काय होतं? बाई दोन सेंटीमीटरवर दाखल होते. चार तासांनी बघितलं तर तीन. नातेवाईक दारात विचारतात, "अजून नाही?" मग कळा वाढवायचं सलाईन लागतं. त्या कळा एकदम अंगावर येतात, बाई घाबरते, कधी ठोके बिघडतात. हे मी किती वेळा पाहिलंय ते मोजलेलं नाही.

पण निवडुंग, त्याच २०१८ च्या शिफारशीत हेही आहे की उशिरा दाखल करण्याचं *सरसकट धोरण* काटेकोर संशोधनाबाहेर राबवू नका. म्हणजे "सगळ्यांनी घरी थांबा" असं कोणीही सांगितलेलं नाही. तुम्ही थांबू शकलात कारण डॉक्टर फोनवर होते, दवाखाना बारा मिनिटांवर होता आणि पोटातलं सगळं सरळ होतं. आधीचं सिझर, पायाळू बाळ, जुळं, चढलेलं बीपी, साखर, दिवस न भरलेले, यातलं एकही असेल तर पहिल्या कळेला निघायचं. पाणी गेलं की कळा असोत वा नसोत, पांढऱ्या कापडावर रंग बघायचा आणि फोन करायचा. हिरवट दिसलं, लाल रक्त गेलं किंवा बाळ हलायचं कमी झालं तर वहीतली मिनिटं मोजत बसायचं नाही.

नवऱ्याला आत का घेत नाही? केंद्राने २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत बाईसोबत एक सोबतीण ठेवायला परवानगी दिली आहे, आणि जिथे आडोसा आहे तिथे नवराही चालतो. पण मी जिथे होते तिथे एका खोलीत सहा टेबलं होती आणि पडदे दोनच. एकीचा नवरा आत आला की बाकी पाच जणी उघड्या पडतात. पडदे मागून मागून थकलो. राग आमच्यावर निघतो.

डेल्फ्टकर

मी नेदरलँड्समध्ये असतो. इथे साधारण सात बाळांमागे एक घरी जन्मतं. आमची दुसरी मुलगी त्यातलीच. दाखला म्हणून नाही, पण व्यवस्था काय होती ते सांगतो. सुईण महिनाभर आधी घर बघून गेली. कमरेत न वाकता तपासता यावं म्हणून पलंगाखाली ठोकळे लावून तो उंच केला. जिन्यातून स्ट्रेचर उतरेल का तेही तिने पाहिलं. कळा सुरू झाल्यावर ती येऊन तपासून गेली आणि पुन्हा आली. माझं काम कंबर दाबणं, पाणी पाजणं आणि गप्प बसणं. नंतर आठ दिवस एक प्रशिक्षित बाई रोज घरी येऊन बाळाला आणि बाळंतिणीला बघत होती. जोडीदाराला एक आठवडा पूर्ण पगारी रजा असते, आणि २०२० पासून वर पाच आठवडे ७० टक्के पगारावर.

बघायला येणाऱ्यांना इथे टोस्टवर बडीशेपेच्या साखरगोळ्या घालून देतात. आईने पाठवलेली बाळंतशेप त्याच ताटलीत ठेवली होती.

तोरणमाळ_पायथा

पलंगाखाली ठोकळे! वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

आमच्या नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे घरी कळा काढणं ही आवडनिवड नाही. राज्यात शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात असं २०१९-२१ ची राष्ट्रीय पाहणी सांगते. उरलेल्या पाचांत आमचे पाडे येतात. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की बाईला झोळीत घालून डोंगर उतरवतात. बांबूचं एक टोक नवऱ्याच्या खांद्यावर असतं. आमच्याकडे नवऱ्याची साथ ती. माझ्या चुलतभावाने १४ किलोमीटर तसं नेलंय, आणि बाळ वाटेतच झालं, सागाखाली.

म्हणून "घरी किती छान झालं" असं कोणी लिहिलं की मला खटकतं. तुमच्यासाठी दवाखाना बारा मिनिटांवर उभा होता.

निवडुंग

यावर माझ्याकडे उत्तर नाही. हे लिहायला हवं होतं, मी लिहिलं नाही.

दुसऱ्यांदा_बाबा

जुनी_पणती यांनी विचारलं, नवरा आला कुठून. मी सांगतो. मी पुण्यात, बायको माहेरी नांदेडला. सातव्या महिन्यात ओटी भरून पाठवली, रीत म्हणून. रात्री दोनला सासऱ्यांचा फोन आला, पहाटेची पहिली गाडी पकडली. पोचलो तेव्हा मुलगा सात तासांचा होता. बायको म्हणाली, "तुला हाक मारत होते." आठ वर्षं झाली, ते वाक्य जात नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही कोणाचं ऐकलं नाही, ती पुण्यातच राहिली. ही माहेरची रीत बंद व्हायला हवी.

लेकीची_आई

बंद व्हायलाच हवी, पण माझं कारण वेगळं आहे. दोन मुलींची पहिली बाळंतपणं मी केली. दवाखाना, औषधं, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, चोळायला बाई, झबली-टोपडी, बारशाला सासरच्या वीस माणसांचा मानपान. मोठीच्या वेळी माझी पाटली मोडली. बाळ त्यांच्या घराण्याचं आणि बिल आमच्या नावाचं. जावई आले, बाळाला बघून, जेवून गेले. साथ द्यायची तर आधी बिलात द्या, कंबर नंतर दाबा.

जुनी_पणती

पैशाचं मान्य. पण माहेर बंद करा म्हणणाऱ्यांनी सासरचं स्वयंपाकघर बघितलंय का? माझी नणंद सासरी बाळंत झाली. बाराव्या दिवशी ती पोळ्या लाटत होती. माहेरी निदान सव्वा महिना कोणी उठ म्हणत नाही. बाईला आयुष्यात एकदा हक्काने झोपायला मिळतं आणि तुम्ही तेही काढून घेताय.

दुसऱ्यांदा_बाबा

आमच्याकडे पोळ्या मी लाटत होतो.

लेकीची_आई

लाटल्यात तुम्ही एकट्यांनी. माझे दोन्ही जावई पाण्याचा पेला उचलत नाहीत. तुमच्या एकट्याच्या भरवशावर सगळ्या मुलींनी माहेर सोडायचं का?

दुसऱ्यांदा_बाबा

मग जावयांना सांगा ना! "जावई आले, जेवून गेले" असं तुम्हीच लिहिलंत. ताट वाढलं कोणी?

लेकीची_आई

मुलगी चार दिवसांची बाळंतीण असताना जावयाशी भांडू? मुलीला परत त्याच घरी जायचं होतं. हे तुम्हाला कळणार नाही.

तोरणमाळ_पायथा

माहेरावरून एवढं तापलंय म्हणून सांगतो. गडचिरोलीत आणि आमच्याकडे आरोग्य केंद्राशेजारी 'माहेरघर' नावाची खोली असते. तारखेच्या आधी काही दिवस बाई तिथे येऊन राहते, सोबत घरचं एक माणूस, लहान मूल असेल तर तेही. जेवण मिळतं. चुलतभावाच्या दुसऱ्या खेपेला तो स्वतः राहिला सोबत, सहा दिवसांची मजुरी बुडवून. रात्री कळा सुरू झाल्या, त्याने पाठ चोळली, आणि सिस्टर भिंतीपलीकडे होती. यावेळी बांबू लागला नाही.

लेबररूम_२२वर्षं

हे शहरात का नाही होऊ शकत? लेबर रूमच्या बाहेर एक खोली, एक खाट, गरम पाणी आणि शेजारी नवरा किंवा आई, जी हवी ती. दोन सेंटीमीटरवाल्या बायकांना टेबलावर चढवायची गरजच नाही.

पांझरा_काठ

अशी खोली असती तर माझी बहीण तिथे गेली असती. एवढं मान्य करतो, पुढचं नाही. ती खोली नाही तोवर मी माझ्या वहिनीला घरी थांब म्हणणार नाही.

जुनी_पणती

'थेरं' हा शब्द कडक झाला. त्या मुलीला मी वेगळं लिहिते. पण बाईमाणूस उशाशी हवंच, नवरा कितीही गुणाचा असो.

निवडुंग

दोघं असू देत की, काकू. माझी आई दोन दिवसांनी पोचली. त्या रात्री असती तर मला हवीच होती.

आठवा_महिना

तो फोटो माझाच होता. मी नाशिकला आहे, तारीख २६ दिवसांवर, माहेर जळगाव. सासूबाई आणि आई दोघींना हा धागा वाचून दाखवला. आई इकडे येणार आहे. नवऱ्याला आत घेतात का हे आमच्या दवाखान्यात विचारलं, तर "आजवर कोणी विचारलं नाही, डॉक्टरांना विचारून सांगते" असं उत्तर मिळालं. सिस्टर, त्यांना अजून काय काय विचारून ठेवू?

लेबररूम_२२वर्षं

रात्रीचा फोन कोण उचलतं ते विचार, आणि रात्री भूल देणारे डॉक्टर किती मिनिटांत येतात ते. बाळ डोक्याकडूनच आहे ना, हे पुढच्या तपासणीत पक्कं करून घे. पाण्याचा रंग बघायला पांढरी कापडं बॅगेत वर ठेव. आणि नवऱ्याला आजपासून रोज दहा मिनिटं कंबर दाबायला लाव, म्हणजे त्या रात्री "जोरात" म्हणून ओरडावं लागणार नाही.