अनुभव धागा: व्हिडिओ एडिटिंगसाठी डिस्कवर जागा कशी मोकळी करता?

लग्नसराई संपत आली की ओळखीतल्या एडिटर मंडळींचे फोन सुरू होतात. डिस्कची पट्टी लाल झालेली, एक्सपोर्ट मध्येच थांबलेलं, गिऱ्हाईक दारात, आणि प्रश्न एकच: काय उडवू?

माझं मत आधी मांडतो. डिस्कवर दोन प्रकारच्या फायली असतात. काही सॉफ्टवेअर स्वतः बनवतं आणि पुसल्या तर पुन्हा बनवून देतं: कॅश (काम वेगाने व्हावं म्हणून साठवलेल्या तात्पुरत्या फायली), प्रिव्ह्यू (आधीच तयार करून ठेवलेली झलक), प्रॉक्सी (एडिट करताना वापरायच्या फुटेजच्या हलक्या प्रती). काही एकदा गेल्या की गेल्या: कॅमेऱ्याचं मूळ फुटेज, रेकॉर्डरवरचा आवाज, प्रोजेक्ट फाइल. घाईत माणूस नेमका दुसऱ्या प्रकाराला हात घालतो, कारण ते फोल्डर डोळ्यांसमोर असतात. पहिल्या प्रकारातले आडबाजूला लपलेले असतात आणि बरीचशी जागा तिथेच अडकते. म्हणून आधी विझट्री किंवा विनडरस्टॅट हे विंडोजवरचे डिस्क मोजणारे प्रोग्राम चालवा, कुठे किती जागा जाते ते बघा, मगच हात लावा.

आपण कशावर काम करता, जागा कुठे सापडली, काय काढलं आणि काय मुद्दाम ठेवलं, ते इथे लिहा. ‘नवी डिस्क घ्या’ हा सल्ला मात्र नको. ज्यांना ती लगेच घेणं जमत नाही, त्यांच्यासाठीच हा धागा आहे.

सांगली, लग्नाचे व्हिडिओ

आमच्याकडे हळदीपासून वरातीपर्यंत तीन-चार कॅमेरे चालतात. ४के, १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) एका कॅमेऱ्याचं तासाचं फुटेज ४५ जीबी होतं. त्यामुळे एका लग्नात अर्धा टीबी सहज जातो.

मी एडिटिंगला अडोबीचं प्रीमिअर वापरतो. त्याची मीडिया कॅश, काही बदललं नाही तर, सी ड्राइव्हवर युजरच्या अ‍ॅपडेटामध्ये साठते. प्रत्येक लग्नाच्या वेव्हफॉर्मच्या (आवाजाच्या आलेखाच्या) आणि आवाजाच्या फायली तिथे जमत राहतात, लग्न डिलिव्हर झालं तरी. प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅश उघडा, डिलीट करा. सगळी पुसायची तर प्रोजेक्ट बंद ठेवून करा. तिथेच जुनी कॅश ठरावीक दिवसांनी आपोआप काढण्याचा पर्यायही आहे. मी कॅशची जागाच बदलून दुसऱ्या एसएसडीवर नेली, तेव्हापासून सी ड्राइव्ह शांत आहे. रेंडर प्रिव्ह्यू मात्र वेगळे असतात. ते प्रोजेक्टशेजारच्या फोल्डरात असतात आणि सिक्वेन्स मेनूतल्या डिलीट रेंडर फाइल्सने जातात. ऑटोसेव्हच्या फोल्डरला हात लावू नका, तो इवलासा असतो आणि अडचणीत तोच वाचवतो.

मूळ फुटेजचं आम्ही बुकिंगच्या कागदावरच लिहून घेतो: अल्बम आणि व्हिडिओ दिल्यावर सहा महिने सांभाळू, मग पुसू. पुसण्याआधी घरच्यांना मेसेज जातो, ‘डिस्क आणून द्या, सगळं कच्चं फुटेज भरून देतो’. बरेच जण आणतात. मुलीकडच्या आजी-आजोबांचे आशीर्वाद देतानाचे शॉट फायनलमध्ये दोन सेकंद असतात, कच्च्यात पाच मिनिटं. ते कुणाच्या तरी घरी राहायलाच हवेत.

पुणे, माहितीपट आणि कलर

दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग-कलरचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी ‘कॅशक्लिप’ नावाचा फोल्डर शोधावा. प्लेबॅक मेनूतून रेंडर कॅश पुसली की उघड्या प्रोजेक्टची जाते. कधीच संपलेल्या किंवा काढून टाकलेल्या प्रोजेक्टांचे फोल्डर तिथेच राहतात, नावं म्हणजे नुसती अक्षरं-आकड्यांची माळ. काम सुरू असलेले प्रोजेक्ट सोडून बाकीचं मी तिथून काढतो. एक सावधगिरी: त्याच डिस्कवर ‘गॅलरी’ नावाचा लपलेला फोल्डर असतो. त्यात ग्रेडचे, म्हणजे केलेल्या रंगसुधारणेचे, स्टिल असतात. तो कॅश नाही. तो राहू द्या.

रिझॉल्व्हच्याच मीडिया मॅनेजमेंटने फक्त वापरलेला भाग, दोन्ही बाजूंना थोड्या फ्रेम जादा ठेवून, वेगळा काढता येतो. पण एच.२६४ सारख्या दाबून साठवलेल्या फुटेजमध्ये फ्रेमा एकमेकींवर अवलंबून असतात. त्यामुळे हवा तेवढा तुकडा तसाच कापता येईल असं नाही. एक तर पूर्ण क्लिप कॉपी होते, नाही तर ट्रान्सकोड (दुसऱ्या फॉरमॅटमध्ये रूपांतर) करावं लागतं, आणि ट्रान्सकोड केलेली फाइल मूळ फाइलपेक्षा मोठीही होऊ शकते. आधी एका छोट्या टाइमलाइनवर करून बघा.

न्यू जर्सी, मराठी पदार्थांचा चॅनल

मी मॅकवरचं एडिटिंग सॉफ्टवेअर फायनल कट वापरते. त्यात ‘ऑप्टिमाइझ्ड मीडिया’ची खूण चालू असेल तर प्रत्येक क्लिपची प्रोरेस ४२२ (एडिटला सोपा पण जड फॉरमॅट) प्रत बनते. सांगलीच्या दादांचं ते ४५ जीबीचं तासाचं फुटेज २५ फ्रेमला साधारण २२० जीबी होतं, आणि मूळही शेजारी असतंच. पुरणपोळीच्या एका एपिसोडला माझ्या मॅकवर याची गरज नाही, म्हणून ती खूण मी काढलेली आहे. लायब्ररी निवडून फाइल मेनूतून ‘डिलीट जनरेटेड लायब्ररी फाइल्स’ केलं की रेंडर, ऑप्टिमाइझ्ड आणि प्रॉक्सी तिन्ही जातात, मूळ राहतं.

इतकं पुसूनही जागा वाढलेली दिसली नाही तर घाबरू नका. टाइम मशीन या मॅकच्या बॅकअपचे लोकल स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या त्या वेळच्या नोंदी) पुसलेला डेटा धरून ठेवतात. साधारण दिवसभरात ते आपोआप सुटतात.

नाशिक, विद्यार्थी

२५६ जीबीचा लॅपटॉप आहे, त्यामुळे प्रत्येक जीबी मोजून घेतो.

विंडोज मोठ्या अपडेटनंतर ‘विंडोज डॉट ओल्ड’ ठेवतं. दहा दिवसांनी ते स्वतःच काढतं, पण घाई असेल तर डिस्क क्लीनअपमधून लगेच जातं. हायबरनेट (उघडं काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करणं) वापरत नसाल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ हे इंग्रजीत टाइप करा. रॅम १६ जीबी असेल तर साधारण सहा जीबी सुटतात. फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर बंद होतं, हे लक्षात असू द्या.

वनड्राइव्हच्या फोल्डरातून फाइल डिलीट केली तर ती क्लाउडवरूनही जाते. फक्त लॅपटॉपवरची जागा हवी असेल तर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. पण सुरू असलेल्या एडिटचं फुटेज तिथे ठेवूच नका, टाइमलाइन उघडताना क्लिप ऑफलाइन सापडतात.

बीड, जिल्हा परिषद शिक्षिका

वर्गासाठी धड्यांचे व्हिडिओ मी फोनवर करते. डिस्क साफ करण्याआधी फोनची सेटिंग बघा, एवढंच सांगते. आयफोनवर ४के ६० फ्रेमला मिनिटाला ४०० एमबी लागतात, १०८० ला ३० फ्रेमवर ६०. फळ्यावरचं गणित १०८० मध्ये स्वच्छ वाचता येतं. मुलं ते पालकांच्या फोनवर बघतात, तिथे ४के दिसतही नाही.

कुडाळ, दशावताराचं चित्रीकरण

सहा महिन्यांनी पुसण्याचा नियम लग्नाला ठीक आहे, आमच्याकडे चालत नाही. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, कोण कुठल्या भूमिकेत ते ठरतं, आणि मग राजा आणि राक्षस रंगमंचावर उभ्या उभ्या बोलतात. तेच नाटक, तीच कंपनी, दुसऱ्या गावच्या जत्रेत वेगळं होतं. रात्रभराच्या त्या प्रयोगाचं फुटेज हाच एकमेव पुरावा. काही जुने कलाकार आज नाहीत, त्यांचा आवाज एवढाच उरलाय.

म्हणून जागा मी दुसरीकडून काढतो. एका जागी लावलेला वाइड कॅमेरा १०८० वर ठेवतो, ४के फक्त जवळच्या कॅमेऱ्याला. वेगळा रेकॉर्ड केलेला ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ आवाज तासाला एक जीबीच होतो, तो कधीही कमी करत नाही. काम संपलं की प्रॉक्सी आणि कॅश पूर्ण काढतो. मग मूळ फुटेज दोन साध्या हार्ड डिस्कांवर. कार्डावरचे सगळे फोल्डर जसेच्या तसे, टेराकॉपी या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने पडताळून. एक डिस्क घरी, एक भावाकडे मालवणात. लॅपटॉपवरून पुसायचं ते दोन्हीकडची फाइल उघडून, मधला भाग चालवून बघितल्यावरच. कोकणातली दमट हवा वाईट, तेव्हा डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो आणि पावसाळ्याआधी नि नंतर लावून बघतो.

पुणे, माहितीपट आणि कलर

कुडाळकर, हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्रामने एच.२६५ (जास्त दाबलेला फॉरमॅट) करून जागा निम्मी का करत नाही?

कुडाळ, दशावताराचं चित्रीकरण

करतो, पण कलाकारांना द्यायच्या प्रतीसाठी. त्यांच्या घरी पेनड्राइव्हवर मावते. मूळ फुटेजवर ते करत नाही. पेट्रोमॅक्स गेले तरी काही गावांत अजून रंगमंचावर एखादाच दिवा असतो. अंधारातला दाणेदार भाग पुन्हा एन्कोड केला की चेहऱ्यावरची रंगरेषा पुसट होते.

सांगली, लग्नाचे व्हिडिओ

आणखी एक. बाहेरच्या डिस्कवरून पुसलेलं त्याच डिस्कच्या रिसायकल बिनमध्ये पडून राहू शकतं, मॅकवर ट्रॅशमध्ये. ती डिस्क लावलेली असतानाच बिन रिकामं करा, नाही तर जागा वाढणार नाही. आणि एसएसडी शंभर टक्के भरू देऊ नका. मी दहा-पंधरा टक्के मोकळी ठेवतो, भरत आली की तिचा लिहिण्याचा वेग पडतो आणि एक्सपोर्टला त्याचा थेट फटका बसतो.