मदत हवी आहे: तिलावा बोटीवरच्या आगवाल्याचं रेकॉर्ड

माझे पणजोबा गुहागरकडचे, बीआय (ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन) कंपनीच्या बोटींवर आगवाले होते म्हणजे खाली बॉयलरमधे कोळसा मारायचं काम. घरात सगळे सांगतात की ते तिलावावर होते आणि वाचले. मुंबईहून मोंबासाला निघालेली ही बोट २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने बुडवली, २८० माणसं गेली, वाचलेल्यांना बर्मिंगहॅम नावाच्या युद्धनौकेने मुंबईत आणलं वगैरे नेटवर भरपूर आहे, पण खलाशांची नावं कुठेच नीट नाहीत (प्रवाशांबद्दल सगळे लिहितात, इंजिनरूमवाल्यांचं कोणाला काय पडलंय!).

आमच्याकडे फक्त एक फाटका डिस्चार्जचा (म्हणजे बोटीवरची नोकरी संपल्याचा) कागद आहे, त्यावर नाव, बापाचं नाव, गाव आणि अंगठा, खलाशाचा नंबर वाळवीने खाल्लाय. मुंबईत एका ऑफिसात विचारलं तर नंबर आणा म्हणाले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साईटवर फक्त मेलेल्यांची नावं, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधे बीटी ३८१ या सिरीजमधे युद्धकाळातल्या क्रू लिस्ट आहेत आणि त्या बोटीच्या ऑफिशियल नंबरवर (म्हणजे बोटीच्या नोंदणी क्रमांकावर) लावल्यात एवढं कळलंय. तिकडे आमचं कोणी नाही, ऑनलाईन ऑर्डर करायची तयारी आहे पण आधी खात्री हवी. आणि आडनाव त्यावेळी लावत नसत, स्पेलिंगचा तर आनंदच.

तर ज्यांनी असं काही काढलंय त्यांनी सांगा, आपल्याकडच्या खलाशांचं वेगळं अ‍ॅग्रीमेंट (नोकरीचा करार) असायचं ते याच बीटी ३८१ च्या बॉक्समधे मिळतं का, की मुंबईतच शोधावं लागेल, आणि नंबर नसताना नुसत्या गावाच्या नावावर माणूस सापडतो का?