फिदीफिदी हसण्यात कुचेष्टा असते की नुसती मजा?

शियापुऱ्याची
आमच्या बडोद्याच्या मंडळात यंदा गणपतीत मुलांचं नाटुकलं आहे. संहिता पुण्याहून मागवलेली. बडोद्याचा एक मुलगा बदली झालेल्या वडिलांबरोबर पुण्याला जातो, शाळेत पहिल्याच दिवशी बाईंना सांगतो, ‘मी जिन्यावरून पडून गेलो.’ आपल्याकडे सगळे असंच बोलतात, गुजरातीतल्या ‘पडी गयो’चा प्रसाद. पुढे कंसात सूचना आहे : (मागच्या बाकावरच्या मुली फिदीफिदी हसतात.)

तालमीत मुली एकमेकींना टाळ्या देऊन खळखळून हसल्या आणि तालीम घेणारे म्हणाले, ‘छान!’ कसलं छान? फिदीफिदी म्हणजे समोरच्याला कमी लेखून, तोंडावर हात घेऊन, पण त्याच्या कानावर पडेल अशा बेताने हसणं. बाळ खुदकन हसतं, मित्र खो खो हसतात, सभेत खसखस पिकते. फिदीफिदी हसतात ते नेहमी दुसरे, आणि आपण त्यांच्यावर चिडलेलो असतो. ‘काल तो विनोद ऐकून मी फिदीफिदी हसले’ असं स्वतःबद्दल सांगणारी बाई मला तरी भेटलेली नाही. तुमचं मत?

तालीममास्तर
‘छान’ म्हणणारा तो मीच. आमची आई आणि आत्या दुपारची आवराआवर झाली की माजघरात फिदीफिदी हसत बसायच्या. कोणाची कुचेष्टा नाही, काही नाही. आजोबा बाहेरून ओरडायचे, ‘काय फिदीफिदी चाललंय!’ की त्या आणखी हसायच्या. हा अनुकरणवाचक शब्द आहे, कडकड-गडगड यांच्या पंगतीतला. त्यात आवाज असतो, हेतू नसतो.

शिवाय व्यवहाराचं बोलतो. आपल्या हॉलमधले पंखे ज्यांनी ऐकलेत त्यांनी मला सांगावं, की तोंडावर हात ठेवून केलेलं हसू चौथ्या रांगेपर्यंत कसं पोचवायचं.

शियापुऱ्याची
पंखे बंद करा. आणि आजोबा ओरडत होते ना? मग शब्द आजोबांचा झाला, आईचा आणि आत्याचा नाही.

वाडीतला म्हातारा
दोघांचंही बिनसलंय. फिदीफिदी हे दाबलेलं हसू मुळातच नाही. त्यात दात दिसतात. बाई ‘तोंडावर हात’ म्हणतात तिथे फिदीफिदी संपतं आणि खुसुखुसु सुरू होतं. हसू अगदी आवरेना आणि नाकातोंडातून वारा निसटला तर ते फिस्सकन. आवाज न करता छळायचं असेल तर गालातल्या गालात, आणि मिशा असतील तर मिशीतल्या मिशीत. या साऱ्यांच्या जागा आमच्या वर्गात पक्क्या होत्या. मास्तर पाठमोरे असताना खुसुखुसु, मास्तर वळले की फिस्सकन, आणि छडी दुसऱ्याच पोराला बसली की फिदीफिदी.

‘हसतील त्यांचे दात दिसतील’ ही म्हण फिदीफिदी हसणाऱ्यांसाठीच आहे. खुसुखुसु हसणाऱ्याचे दात कोणाला दिसायचे?

मांजलपूरकर
तुम्ही सगळे फिदीफिदीला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय. डंख ‘ला’ या प्रत्ययात आहे.

‘मुली फिदीफिदी हसल्या’ : कशावर हसल्या, कोण जाणे. ‘मुली मला फिदीफिदी हसल्या’ : आता भांडण. फिदीफिदी काढून नुसतं ‘मला हसल्या’ म्हणा, तरी अपमान तसाच राहतो. ‘हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला’ या म्हणीत फिदीफिदी कुठे आहे? माणसाला हसणं म्हणजे त्याची टर उडवणं. त्याच्या विनोदावर हसणं ही दाद. मराठीने ही सोय इतकी नीट करून ठेवली आहे आणि आपण बडोदेकरांनी ती घालवली. आमच्याकडे पोरं सर्रास ‘तो माझ्यावर हसला’ म्हणतात, कारण कानावर दिवसभर ‘मारा पर हसे छे’ पडतं. हिंदीतही ‘मुझ पर’च. मग ‘ला’चा डंख गेला, तो भरून काढायला क्रियाविशेषण हवं, म्हणून बडोद्याच्या मराठीत फिदीफिदीला जास्तीचं काम पडलं. बाईंना त्यात नेहमी कुचेष्टा ऐकू येते ती त्यामुळे. पुण्याच्या लेखकाच्या मनात ती असेलच असं नाही.

शियापुऱ्याची
प्रत्ययाचं पटलं, निष्कर्ष नाही. ‘मला खळखळून हसले’ म्हणून बघा. जिभेवर बसतं का? ‘मला मनमोकळं हसले’? ‘मला फिदीफिदी हसले’ मात्र लगेच बसतं. ‘ला’ कोणाच्याही शेजारी बसत नाही.

मांजलपूरकर
‘मला पोट धरधरून हसले.’ बसलं. पोट धरण्यात कुचेष्टा आहे का?

सासुरवाडी राजकोट
थोडं विषय सोडून, पण इथेच शोभेल. लग्नानंतर पहिल्यांदा राजकोटला गेलो. जेवताना दोन-चार किस्से सांगितले. सासूबाई शेजारणीला कौतुकाने म्हणाल्या, ‘जमाई बहु दांत कढावे छे.’ माझा घास हातात. आपल्याकडे ‘दात काढतोस काय’ म्हणजे पुढची पायरी कानफटात. सौराष्ट्रात दांत काढवा म्हणजे साधं हसणं, कढाववा म्हणजे हसवणं. बायकोने समजावलं तेव्हा श्रीखंड खाली उतरलं.

तेव्हा वाडीतले आजोबा, दात दिसले म्हणजे कुचेष्टा हा नियम फार तर आपल्या घरापुरता.

वाडीतला म्हातारा
जावईबापू, आम्ही मराठीबद्दलच बोलतो आहोत. राजकोटला आम्हीही दात काढू.

जुनी पोथी
भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. गंमत म्हणजे खदाखदा हसून डोळ्यांत पाणी आणणारं पात्र भरताच्या लेखी अधम, आणि उपहसित करणारं मध्यम. उपहसिताची खूणही दिली आहे : नाकपुड्या फुगलेल्या, नजर तिरकी, अंग आणि डोकं आखडलेलं. आवाज कसा, यावर त्या श्लोकात भर नाही. अभिनवगुप्ताने त्यावर लिहिलेल्या भाष्यासह हा ग्रंथ आपल्याच बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीज या ग्रंथमालेत निघाला, पहिला खंड १९२६ साली. ती माला काढणारं प्राच्यविद्या मंदिर तालीममास्तरांना काही लांब नाही.

दुसरं, ‘शब्द कोणाचा’ यावरून. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो. सभापर्वात निवेदक सांगतो तेव्हा हसतात ते सेवक, भीम, अर्जुन आणि नकुल-सहदेव. तोच प्रसंग दुर्योधन घरी जाऊन बापाला सांगतो तेव्हा हसणाऱ्यांत कृष्ण येतो आणि बायकांसह द्रौपदीही येते. (‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे वाक्य तिथे नाही. ते मागाहून तिच्या तोंडी घातलं गेलं.) ज्याला हसलं गेलं त्याच्या कानात हसणारे वाढतात. म्हणून फिदीफिदी हा नेहमी ऐकणाऱ्याचा शब्द, इथे मी बाईंच्या बाजूने.

तालीममास्तर
हे तर माझ्या बाजूचं झालं! कुचेष्टा दुर्योधनाच्या कानात आहे, हसण्यात नाही.

शियापुऱ्याची
पाण्यात पडलेल्या माणसालाच कोण कोण हसलं ते दिसतं. निवेदक कोरडा उभा असतो, त्याचं काय घेऊन बसलात? आणि हसणारा कधी कबूल करतो का? ‘अगं, आम्ही सहज हसलो’ हे वाक्य फिदीफिदी हसून झाल्यावरच म्हणतात.

वाडीतला म्हातारा
हे शंभर टक्के खरं. आमच्या वर्गात सगळे सहजच हसायचे.

तालीममास्तर
बरं. पोथीवाल्यांची खूण आज तालमीत करून पाहिली. टाळ्या काढल्या. एक मुलगी दुसरीच्या कानाला लागून ‘पडून गेलो’ म्हणते, दोघी तिरक्या नजरेने त्याच्याकडे बघतात, मग माना खाली आणि खांदे हलतात. आवाज अजिबात नाही. चौथ्या रांगेत बसवलेल्या माझ्या भावाला कळलं. इतकंच नाही, नवऱ्या मुलासारखा नटून आलेला आमचा हिरो खरोखर रडकुंडीला आला, त्याला चॉकलेट द्यावं लागलं. कंसातला शब्द मी खोडलाय. पण म्हणून फिदीफिदीत कुचेष्टा असते हे कबूल केलं असं समजू नका.

शियापुऱ्याची
खोडा, पण तो शब्द पुढे मुलाच्या तोंडी द्या. घरी येऊन तो आईला सांगतो तिथे. ‘आई, त्या मला फिदीफिदी हसल्या.’ सूचनेत नको होता, इथे हवाच.

मांजलपूरकर
आणि ‘मला’. कृपा करून ‘मला’. स्टेजवर तरी शुद्ध राहू द्या.

तालीममास्तर
बडोद्याचा पोरगा आहे तो. दोन मिनिटांपूर्वी ‘पडून गेलो’ म्हणाला, घरी येऊन ‘मला हसल्या’ कसं म्हणेल? ‘माझ्यावर फिदीफिदी हसल्या’ असंच ठेवतोय.

मांजलपूरकर
मग पडद्याची दोरी ओढायला दुसरा माणूस बघा.