‘साइट’, ‘शेअर्ड कोऑर्डिनेट्स’ वगैरेंना मराठीत काय म्हणावं?

रेघोट्या
आमच्या अंधेरीच्या ऑफिसात नव्या मुलांसाठी रेव्हिटची (इमारतींची मॉडेलं करायचं सॉफ्टवेअर) मराठी टिपणं लिहितेय. कमांड इंग्रजीतच राहणार, त्याबद्दल तक्रार नाही. गाडी अडते ती समजावताना. एकाच टॉवरच्या तीन विंग आहेत. टॉवरची फाइल एकच, ती मास्टर फाइलमध्ये तीनदा लिंक केलीय. प्रत्येक विंग कुठे बसते याची नोंद टॉवरच्या फाइलमध्ये नाव देऊन ठेवावी लागते आणि रेव्हिट त्या नोंदीला ‘साइट’ म्हणतं. ‘साइट’ ऐकलं की मुलांच्या डोळ्यांपुढे हेल्मेट आणि वाळूचा ढीग. जागा, ठिकाण, स्थान, स्थळ यांतलं काय घ्यावं? आणि सगळ्या फाइलींनी मिळून वापरायच्या ‘शेअर्ड कोऑर्डिनेट्स’ना?

ओळंबा
स्थळ नको, पत्रिका जुळवायला बसल्यासारखं वाटतं. जागाही नको, मुंबईत जागा म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कार्पेट किती?’ असतो. ठिकाण चालेल. कोऑर्डिनेट्सना ‘निर्देशक’ हा शाळेतलाच शब्द आहे. भुज, कोटी, आरंभबिंदू सगळं दहावीत झालेलं असतं.

जुनी वही
मग ‘सामायिक निर्देशक’ की ‘सामाईक’? सामायिक म्हटलं की मला शेजारच्या शहा मावशी आठवतात, रोज 48 मिनिटं ध्यानाला बसतात, ते त्यांचं जैनांचं सामायिक. सातबाऱ्यावर, बोलण्यात ‘सामाईक’ येतं. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सामाईक जिना. चाळीत वाढलेल्याला सांगावंच लागत नाही. खोल्या ज्याच्या त्याच्या, जिना सगळ्यांचा.

रेघोट्या
वा, हे चपखल बसतं! कारण प्रत्येक फाइलचा स्वतःचा आतला आरंभबिंदू शाबूतच राहतो, तो हलवताच येत नाही. सामाईक निर्देशक त्याच्यावर चढवलेला दुसरा हिशेब असतो. स्ट्रक्चर, प्लंबिंग, आर्किटेक्चर ज्याच्या त्याच्या खोलीत, आणि वर-खाली करायला जिना एक. घेतला शब्द.

ओळंबा
मुलांना हेही सांग की सर्व्हेचे आकडे थेट आतल्या आरंभबिंदूपासून मोजत मॉडेल तिथे नेऊन ठेवायचं नसतं. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची नकाशाची पद्धत. तिच्यात मुंबईचे आकडे साधारण असे: पूर्वेकडे पावणेतीन लाख मीटर, उत्तरेकडे 21 लाख मीटर. म्हणजे मॉडेल दोन हजार किलोमीटरवर. रेव्हिटला भूमिती आतल्या आरंभबिंदूपासून 16 किलोमीटरच्या आत लागते. बाहेर गेली की रेघा थरथरतात, स्नॅप चुकतो. दरवर्षी कोणीतरी हे करतोच.

मोजणीदार
मी आयुष्य लेव्हल घेण्यात घालवलं. रेव्हिट चालवत नाही, पण तुम्ही जे बोलताय ते मोजणीच आहे. तुम्ही आडवं ठरवलंत, उभ्याचं काय? मुंबईत लेव्हल दोन भाषांत बोलतात. महापालिकेच्या परवानगीत सखल प्लॉट किमान 92 टी.एच.डी.पर्यंत भरा अशी अट असते. टी.एच.डी. म्हणजे टाउन हॉल डेटम. फोर्टातला 1833 चा टाउन हॉल, जिथे आज एशियाटिक सोसायटी आहे, त्याच्या नावाची पातळी. हे 92 फूट आहेत, म्हणजे 28 मीटर. आता सखल प्लॉट समुद्रापासून 28 मीटर उंच कसा असेल? नसतोच. ते शून्यच समुद्राच्या कितीतरी खाली धरलेलं आहे. एका कामावर स्ट्रक्चरवाल्यांची फाइल टी.एच.डी.त आली आणि आर्किटेक्टची समुद्रसपाटीवर. लिंक केल्यावर खांब ढगात, पोडियम जमिनीत. दोघंही म्हणाले, ‘आमची लेव्हल बरोबर आहे.’ खरंच बरोबर होती! म्हणून ‘डेटम’ला ‘पाया’ म्हणू नका, बांधकामात पाया वेगळा. ‘शून्यपातळी’ म्हणा, आणि पुढे कोणाची ते लिहा.

रेघोट्या
काका, ‘शून्यपातळी (टाउन हॉल)’ अशीच लिहिते. ‘ट्रू नॉर्थ’ला ‘खरी उत्तर’ चालेल?

मोजणीदार
चालेल, पण ती खरी नसते. सर्व्हेवाला देतो ती बहुधा ग्रिडची, म्हणजे नकाशावरच्या उभ्या रेघांची उत्तर. यूटीएमच्या 43व्या पट्ट्याची मध्यरेखा 75 अंशांवर, आपण 73च्याही अलीकडे. त्यामुळे मुंबईत दोन्हींत साधारण 0.7 अंशाचा फरक पडतो. शंभर मीटरला सव्वा मीटर. एकाने ग्रिडची धरली आणि दुसऱ्याने ध्रुवताऱ्याची, तर सी विंग शेजाऱ्याच्या कंपाउंडात! ‘नकाशाची उत्तर’ म्हणा. आणि कागदावर बिल्डिंग सरळ दिसावी म्हणून फिरवून घेता ती ‘कामाची उत्तर’.

जुनी वही
निर्देशकांच्या ‘ॲक्वायर’ आणि ‘पब्लिश’ या दोन कमांड राहिल्या. ‘प्रकाशित करणे’ लिहू नका, निर्देशकांचं काय दिवाळी अंकात छापून येणार आहे?

ओळंबा
‘उतरवून घेणे’ आणि ‘उतरवून देणे’. ॲक्वायर केलं की लिंकच्या वहीतून आपल्या वहीत येतं. पब्लिश केलं की आपण लिंकच्या वहीत लिहितो. दुसऱ्याच्या वहीत लिहिताय म्हटलं की मुलं आपोआप जपून वागतात. सेव्ह करताना रेव्हिट लिंकमधला बदल जपायचा का असं विचारतं ते तेवढ्यासाठीच, आणि तिथे वाचल्याशिवाय ‘नको’ दाबलं की सकाळपासूनची मेहनत पाण्यात.

रेघोट्या
छान. पण मूळ ‘साइट’ तशीच राहिली. ‘ठिकाण’ लिहून बघितलं, फार कोरडं वाटतं. शिवाय ‘टॉवरचं ठिकाण’ म्हटलं की एकच असावंसं वाटतं. आपल्याला एक टॉवर, तीन नोंदी दाखवायच्यात.

जुनी वही
मुक्काम?

ओळंबा
मुक्काम म्हणजे दोन दिवसांचा. बिल्डिंग काय वारीला निघालीय?

जुनी वही
पाकिटावर ‘मु. पो.’ लिहायचो तेव्हा काय दोन दिवसांचं होतं? माणूस तोच, मुक्काम बदलला की पत्ता बदलला. टॉवर तोच. मुक्काम ए, मुक्काम बी, मुक्काम सी.

मोजणीदार
मला पटलं. मोजणीला गावोगाव फिरायचो तेव्हा आमच्या डायरीतही ‘मुक्काम’ असाच रकाना होता.

रेघोट्या
सोमवारी वापरून बघितला. एकाने सी विंग लिंक केली, नोंद करायला विसरला, आणि शेजारचा त्याला म्हणतो, ‘अरे, हिचा मुक्काम लिहिला नाहीस, बेघर आहे ती.’ टिपणात तोच शब्द ठेवतेय. ओळंबा, तुमची हरकत कंसात नोंदवते.