कबुतरांचा दोष साऱ्या पक्ष्यांच्या माथी नको

शहरातील पक्ष्यांमुळे आजार पसरतात, तेव्हा त्यांना वस्तीपासून दूरच ठेवावे, हे अनेकदा मांडले जाणारे मत कबुतरांच्या बाबतीत मला बऱ्याच अंशी पटते. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेचा आणि पिसांचा धुरळा सतत श्वासावाटे आत गेला, तर काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती दीर्घकाळ राहिल्यास कायमची इजा होऊ शकते; म्हणूनच मुंबईत कबुतरखान्यांना होणारा विरोध मला रास्त वाटतो. परंतु तेवढ्यावरून दयाळ, बुलबुल, तांबट यांनाही दोषी धरणे अन्यायाचे आहे.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी मोबाइल ॲपवरून सुमारे १३०० जणांच्या मनःस्थितीच्या नोंदी गोळा करून २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पक्षी दिसल्यावर किंवा ऐकू आल्यावर लोकांना अधिक बरे वाटत होते, हा परिणाम काही तास टिकत होता आणि, मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे, नैराश्याचे निदान झालेल्यांमध्येही तो आढळला. त्यासाठी जंगलात जावे लागत नाही. चैत्रात उजाडण्यापूर्वी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर शेपटी उभारून गाणारा दयाळ अंथरुणाला खिळलेल्या आजोबांनाही ऐकू येतो.

याच दिवसांत त्याची वीण सुरू होते आणि सोसायट्यांमध्ये पावसाळ्यापूर्वीची छाटणीही. ढोलीत किंवा फांदीवर घरटे असेल, तर पिले उडेपर्यंत तेवढा भाग सोडावा, असा आग्रह प्रत्येक सभासदाने समितीकडे धरायला हवा.