माहिती साक्षरतेचं (माहिती शोधणं, पारखणं, वापरणं) शिकवायचं साहित्य लायब्रऱ्यांनी शेअर कसं करायचं?

विद्यापीठ_ग्रंथालय: नमस्कार मंडळी, पीएचडीवाल्यांना यूजीसीचा २०१९ चा संशोधन नीतिमत्तेचा २ क्रेडिटचा कोर्स सक्तीचा आहे, त्यात डेटाबेस, ओपन अ‍ॅक्सेस (सगळ्यांना मोफत खुलं संशोधन) वगैरे भाग आपल्यातले बरेच जण शिकवतात आणि प्रत्येक जण पीपीटी शून्यापासून बनवतो, हे सगळं एकत्र का नाही ठेवता येणार? मराठीत तर फारच कमी आहे.

वाचनकट्टा: अगदी खरं! फक्त लायसन्स आधी ठरवा. सीसी बाय (क्रिएटिव्ह कॉमन्सचं खुलं लायसन्स) ठेवलंत तर नाव देऊन कोणीही बदलू शकतं, भाषांतर करू शकतं. एनडी (बदल करून शेअर करायला मनाई) लावलंत की मराठी केलेली प्रत शेअरच करता येत नाही, मग उपयोग काय. आणि पीडीएफ नको हो, एडिट होणारी फाइल द्या.

संदर्भसेवा: अमेरिकेत कोरा नावाची साइट आहे, तिथे ग्रंथपाल संशोधनाचे असाइनमेंट टाकतात, बाकीचे आपल्या वर्गाप्रमाणे बदलून वापरतात. मला ते फार आवडतं कारण नुसत्या स्लाइडवरून दुसऱ्याचा तास घेता येत नाही, सोबत किती वेळ लागतो, मुलं कुठे अडकतात हे लिहिलेलं पाहिजे. स्क्रीनशॉट मात्र कमी ठेवा, डेटाबेसचं रूप बदललं की सगळं जुनं होतं.

विद्यापीठ_ग्रंथालय: हे पटलं. शोधगंगेवर (भारतातल्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा) आधीचे प्रबंध कसे शोधायचे यावर माझा एक तासाचा सराव मराठीत तयार आहे, तो सीसी बाय करून शिक्षकासाठीच्या टिपांसकट टाकते. प्रेडेटरी जर्नल्स (पैसे घेऊन नीट न तपासता लेख छापणारी) ओळखण्यावर कोणाकडे काही आहे का?